पैशाचा सवाल नाही, असं धरा

मेहकरला शाळेत नोकरी लागली तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो. ज्यांच्या माडीवर खोली घेतली ते घरमालक, गल्लीचे काका, नुकतेच निवृत्त झालेले. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मला खाली चहाला बोलावलं. मला वाटलं, भाडं, लाईटबिल, रात्री किती वाजेपर्यंत बाहेर राहणार, असलं काही विचारतील. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि विचारलं, "सर, पैशाचा सवाल नाई असं धरा. मंग म्हातारपणी कुठी राहसान?"

मी म्हटलं, "गावी. साताऱ्याकडं."

"हे तुम्ही परवडते म्हणून सांगून राह्यले. पैशाचा सवाल नाई म्हटलं मी."

मी दुसरं काही सुचतं का पाहिलं. सुचलं नाही. काकांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं वर्गात गृहपाठ न आणलेल्या मुलाकडे मी स्वतः पुढं कित्येकदा पाहिलं असेल. "उद्यापर्यंत इचार करून सांगा," ते म्हणाले. चहा देऊन आत गेलेल्या काकू दाराआड उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. पहिली दोन वर्षं तर मला वाटायचं, काकूंना कमी ऐकू येतं.

काका सरकारी मोजणीदार होते. तीसेक वर्षं त्यांनी तालुक्यातल्या लोकांची शेतं मोजली. डोणगाव, जानेफळ, इकडं हिवरा आश्रमापर्यंत असा बांध नसेल ज्यावर उभं राहून त्यांनी दोन भावांच्या शिव्या ऐकल्या नाहीत. "दुसऱ्याच्या हद्दीवर उभं राहण्यात माह्यी जिंदगी गेली," असं ते म्हणत. चालताना त्यांचं प्रत्येक पाऊल सारख्या लांबीचं पडे. बरोबर चालणाऱ्याला आपण उगाच लुडबुड करतोय असं वाटायचं. आणि या माणसाने आयुष्यात केलेला सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे अमरावती. तेही प्रशिक्षणाला. तिथलं पाणी जड होतं, एवढंच त्यांना त्या शहराबद्दल सांगायचं असे.

निवृत्तीनंतर त्यांनी कामच हे धरलं होतं. आपण कुठं राहायचं ते ठरवायचं. वर्तमानपत्रातल्या जाहिराती कापून ठेवायच्या. डोंगरातली घरं, समुद्राकाठची घरं, 'निवृत्तांसाठी शांत वसाहत' असली घरं. मग दुपारी जेवणानंतर ओसरीवर बसून त्या नंबरांना फोन लावायचे. फोन कायम स्पीकरवर. आवाज अंतराच्या हिशोबाने. अकोल्याला फोन असला तर साधं बोलायचे, नागपूरला जरा चढून, आणि केरळला लावला की गल्लीतली कुत्री उठून बसायची.

प्रश्न ठरलेला. "आपके यहां पानी कितने दिन के बाद आता है?"

आमच्याकडे नळ आठवड्यातून एखाद्या वेळी यायचा, तोही यायचा म्हणजे काय, आला अशी बातमी यायची. त्यामुळे त्यांच्या दृष्टीने जगातली सगळी गावं आधी या एका प्रश्नावर उभी राहत किंवा पडत. एकदा त्यांनी काश्मीरच्या एका हाऊसबोटवाल्याला हेच विचारलं. तो बिचारा हसून म्हणाला, "जनाब, हम तो पानी पर ही रहते हैं."

"वो ठीक है," काका म्हणाले, "नल का बताओ."

प्रत्येक गावासाठी एक पुठ्ठ्याची फाईल होती आणि फाईलवर शेवटी शेरा. शिमला: 'चढ आहे. खारीज.' नाशिक: 'नातेवाईक आहेत. खारीज.' पुदुच्चेरीचं घर त्यांना फोटोत फार आवडलं होतं, महिनाभर तो फोटो देवाच्या कोनाड्याजवळ लावलेला होता. तेही खारीज झालं. कारण विचारलं तर म्हणाले, "तथची भाषा येत नाई आपल्याले. जथी भांडता येत नाई तथी राहून काय करता?" त्यांचा पुतण्या कॅनडात होता, त्याने बोलावलं तेव्हा यांनी विचारलं, "सहा महिने बर्फ राह्यते म्हणता, मंग हद्दीचा दगड कसा दिसते बे?"

संध्याकाळी ते चौकातल्या एका टेलरच्या दुकानात बसत. टेलर म्हणजे चाचा. काकांच्याच वयाचे, पण निवृत्त न झालेले. मशीन चालवता चालवता ते काकांची सगळी गावं ऐकून घेत. मीही शाळा सुटल्यावर तिथं टेकायचो. दुकानात येणाऱ्या प्रत्येक पिकल्या केसांच्या गिऱ्हाइकाला काका तोच सवाल टाकायचे, आणि कुणी चुकून "आपल्याले कुठचं परवडते साहेब" म्हणाला की त्याला त्या दिवसापुरतं बाद करायचे. चाचांनी एकदाच उत्तर दिलं होतं. "साहेब, आपल्याले कुठीबी चालते. मशीन तथी पाह्यजे फक्त." काकांनी ते अपुरं उत्तर म्हणून सोडून दिलं.

एका गोष्टीचं मला तेव्हाही नवल वाटायचं. या माणसाने अर्ध्या मेहकरला विचारलं असेल. रिक्षावाल्याला विचारलं, दवाखान्यात सलाईन लावलेल्या माणसाला विचारलं. घरात मात्र नाही.

*

मग पैशाचा सवाल खरोखरच संपला.

डोणगावकडे काकांचं वडिलोपार्जित शेत होतं, वाट्याने दिलेलं. नवा मोठा रस्ता निघाला, तो नेमका त्या शेतातून. मोजणीच्या दिवशी काका मला सोबत घेऊन गेले. इस्त्रीचा शर्ट घालून स्वतःच्या शेतात ते पाहुण्यासारखे उभे. मोजणारी पोरं नवी, यंत्रं नवी. काका दुपारपर्यंत गप्प होते. मग न राहवून पुढे झाले आणि म्हणाले, "बाबा, तुमचं चुकून राह्यलं. हा पट्टा माह्या नाई, शेजाऱ्याचा आहे." पोरांनी परत पाहिलं. खरंच शेजाऱ्याचा होता. आपल्या पदरात पडलेला तुकडा काकांनी स्वतःच्या हाताने काढून शेजाऱ्याला दिला. घरी येऊन ही हकिकत त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितली. काकूंनी ऐकून घेतली आणि दोन दिवस भाजीत मीठ घातलं नाही.

तरीही पुढं मोबदला म्हणून जे मिळालं ते पुष्कळ होतं. एवढं की पैसे जमा झाल्यावर दुकानात पाय ठेवताच चाचा म्हणाले, "साहेब, आता धरायची गरज नाई राह्यली. सांगा, कुठी?"

काका हसले. चाचा हसले. मीही हसलो. पण दुसऱ्या दिवशीही कुणीतरी तेच विचारलं, तिसऱ्या दिवशीही. आणि आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं की काका बाजारात जायला पलीकडची गल्ली धरतायत.

कारणं निघू लागली. आधी गुडघे. मग पुण्याच्या मुलाला विचारावं लागेल. मुलगा म्हणाला, "बाबा, जा ना खुशाल." मग उन्हाळा फार आहे, मग पावसाळ्यात घर बघू नये. एक दिवस चाचांनी मला हळूच सांगितलं, "सर, तुम्ही अडवून राह्यले म्हणते साहेबाले." मी चाट पडलो. चौकशी केली तर काका लोकांना सांगत होते, "सरले एकटं सोडून कसं जावं? लेकरू परमुलखातलं आहे." त्या लेकराचं तोवर लग्न ठरलं होतं. मी काकांना म्हटलं, "काका, माझ्यामुळे अडत असेल तर मी दुसरी खोली बघतो." ते घाईघाईने म्हणाले, "छे छे, गडबड काहून करता?"

दुपारचे फोन मात्र चालू होते. फक्त आता ते हळू आवाजात बोलत.

*

एका रविवारी चाचा काकांचे दोन शर्ट द्यायला घरी आले होते. ओसरीवर आम्ही तिघं. काकूंनी चहा आणला. चाचांनी ग्लास घेता घेता सहज विचारलं, आणि मला आजही खात्री आहे की सहजच विचारलं, "भाभी, साहेबाचं तं काही ठरत नाई. तुम्ही सांगा. तुम्ही कुठी जासान?"

काकू ट्रे घेऊन परत निघाल्या होत्या. थांबल्या.

"मले कोणं इचारलं आजपर्यंत?"

"मी इचारून राह्यलो ना."

काकूंनी ट्रे खाली ठेवला. पदराला हात पुसले. "दापोलीकडं एक गाव आहे," त्या म्हणाल्या. "समुद्रापासून दोन वाड्या आत. तथच्या ताईच्या घरी मागची खोली रिकामी आहे. मी तथी जाईन."

काका म्हणाले, "ते तं मी खारीज केलं! खाऱ्या हवेनं लोखंड गंजते."

"तुम्ही केलं. म्या नाई केलं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. अडीच वर्षांपूर्वी काकांनी त्या गावी फोन लावला होता. नेहमीचा प्रश्न विचारून, जाहिरात खारीज करून ते विसरून गेले. दुसऱ्या दिवशी त्या घरच्या बाईंनी परत फोन केला, की काल पाण्याचं विचारत होता, तर आमच्या विहिरीला बारा महिने पाणी असतं. काका बाजारात गेले होते. फोन काकूंनी उचलला. पाण्यावरून गोष्ट सुनांवर गेली, सुनांवरून गुडघ्यांवर. त्या बाई विधवा, मुलं मुंबईला, घरात एकट्या. तेव्हापासून दर गुरुवारी, काका आठवडी बाजाराला गेले की या दोघी बोलायच्या.

"माह्या फोनवर?" काकांचा आवाज केरळाइतका चढला.

"तुमच्याच. तुम्ही बाजारात नेत नाई ना, हरवन म्हणून."

चाचा ग्लासात पाहत होते. मीही माझ्या ग्लासात पाहिलं. काकांनी मोजणीदाराच्या शांतपणाने विचारलं, "किती दिवसासाठी?"

"महिनाभर. मंग पाहीन."

"मी येऊ संगं?"

"नाई."

"काहून?"

"तुम्ही आले तं त्या गावात बी खोट काढसान. मले ते गाव खोट न काढता पाह्यचं आहे."

काकांनी नव्या शर्टाची घडी उलगडली आणि परत घातली. शेवटी काका म्हणाले, "अन् माह्यं जेवण?"

काकूंनी ट्रे उचलला. "आता पैशाचा सवाल नाई ना," त्या म्हणाल्या. "डबा लावा."

त्या दिवशी मला कळलं की काकूंना किती उत्तम ऐकू येतं. ओसरीवरचा एकूण एक फोन त्यांनी इतकी वर्षं ऐकला होता. घरातल्या दोन माणसांपैकी जागा निवडण्याचं काम एकानेच पूर्ण केलं होतं, आणि तो माणूस फाईली करणारा नव्हता.

*

काकू निघाल्या त्या दिवशी आम्ही दोघं त्यांना पुण्याच्या गाडीत बसवायला गेलो. पुढचं पुण्याचा मुलगा बघणार होता. सोबत ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी. काकांनी कंडक्टरला खिडकीतून इतक्या सूचना दिल्या की तो म्हणाला, "बाबा, तुम्हीच काहून नाई येत?" काका म्हणाले, "परवानगी नाई." कंडक्टरला वाटलं, डॉक्टरांची.

नंतरच्या दिवसांत काका दुकानात परत येऊ लागले. काकू रोज फोन करायच्या, चार-पाच मिनिटं. काका त्यातलं सगळं चौकात येऊन सांगायचे, जणू स्वतः पाहून आल्यासारखं. फणस असा लागतो, बुंध्याला. भरतीच्या वेळी वाळू अशी ओली होते. कुणी म्हटलं, "साहेब, तुम्ही गेले होते काय?" तर म्हणायचे, "घरचं माणूस आहे ना तथी."

महिना झाला. काकूंनी आणखी आठ दिवस मागितले. मग आणखी आठ. काकांचा आवाज बसत गेला. ओसरीवरचे दुपारचे फोन बंद झाले, ते कधी बंद झाले ते माझ्या लक्षातही आलं नाही. डब्यातली पोळी अर्धी परत जायची. एका संध्याकाळी मी जिना चढत होतो, तर खालून हाक आली. "सर, जरा बसता काय?"

मी बसलो. त्यांनी डब्याचं झाकण लावून तो बाजूला सारला.

"तिनं कधी काही म्हटलं काय हो तुमच्याजवळ? माह्याबद्दल?"

"नाही काका."

हे खरं नव्हतं. काकू एकदाच माझ्याशी मोकळ्या बोलल्या होत्या. वर पापड वाळत घालायला आल्या होत्या आणि खालून काकांचा फोन ऐकू येत होता. त्या म्हणाल्या होत्या, "सर, यांले साऱ्या जागेतला दोष दिसते. लग्न होऊन आली तव्हा मले बी वरून खालपर्यंत पाह्यलं होतं. तव्हापासून मी दुसऱ्या खोलीत बसते." आणि हसल्या होत्या. मला ते काकांना सांगण्याची हिंमत झाली नाही. आजही वाटतं, सांगायला हवं होतं. पण कदाचित त्यांनी ते माझ्या चेहऱ्यावर वाचलं असेल, कारण त्यांनी पुढे काही विचारलं नाही. फक्त म्हणाले, "चाळीस साल झाले. मोजमाप चुकलंच म्हणा माह्यं."

काकू मृगाच्या तोंडावर परत आल्या. रंग थोडा रापलेला, आवाज मोठा. घरात शिरल्या शिरल्या बंद खिडक्या उघडल्या. स्वयंपाकघरातून गुणगुणणं ऐकू यायला लागलं, तेव्हा काका ओसरीवर मान तिरकी करून ऐकत बसलेले मी पाहिले. दुसऱ्या दिवशी जेवताना काकूंनी जाहीर केलं, "पुढच्या साली संक्रांत झाली की चार महिने."

काकांनी मान हलवली.

पुढचे कित्येक महिने ते काहीतरी बोलू पाहत होते. काकूंच्या मागे स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जायचे, पाणी पिऊन परत यायचे. एवढं पाणी पिणारा माणूस पाण्याची चौकशी का करतो ते मला तेव्हा समजलं. शेवटी संक्रांतीच्या आदल्या दिवशी, काकू तीळ भाजत असताना, दारातूनच त्यांनी विचारलं, "मी आलो तं चालन काय?"

काकूंनी तीळ हलवायचं थांबवलं नाही. "आठ दिवस. दोष काढायचा नाई. फोन करायचा नाई. अन् ताईले पाण्याचं इचारायचं नाई."

"विहीर किती खोल आहे एवढं तरी?"

"नाई."

"बरं," काका म्हणाले.

*

त्याच सुमारास माझी बदली झाली. घर सोडताना काकांची भेट झाली ती सामान बांधण्याच्या गडबडीत. ते स्वतःही एक लहानशी पिशवी भरत होते, आठ दिवसांची. चार शर्ट, चाचांनी शिवलेले.

त्यानंतर वैशाखात मी बायकोला घेऊन दापोलीकडे गेलो. काकू तिथं असतील हे माहीत होतं, म्हणून गाव विचारत विचारत त्या घरी पोचलो. अंगणात मांडवाखाली दोन बाया बसल्या होत्या, एक काकू आणि दुसऱ्या त्या ताई. त्यांच्यामध्ये आमसुलांसाठी काढलेल्या रातांब्यांचा ढीग. आणि ढिगाच्या पलीकडे, बोटं लालभडक करून, मान खाली घालून रातांबे फोडत बसलेले काका.

"काका! तुम्ही आठ दिवसांसाठी येणार होतात ना?"

काकांनी आधी काकूंकडे पाहिलं. बोलू का, असं. काकूंनी भुवई उचलली. मग ते म्हणाले, "बसा सर. बसा सूनबाई. आलो तं आठच दिवसांसाठी होतो."

ताई हसायला लागल्या. "सांगा की आता," त्या म्हणाल्या. "सांगा पावण्यांना."

काका सांगू लागले. आठव्या दिवशी सकाळी ते पिशवी घेऊन तयार झाले. काकू त्यांना फाट्यापर्यंत पोचवायला आल्या. गाडी आली, थांबली. काका पायरीवर पाय ठेवणार, तर काकू म्हणाल्या, "आज नका जाऊ. ताईनं आंबोळ्या केल्या. उद्याच्या गाडीनं जा." ते परत आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पिशवी, पुन्हा फाटा, पुन्हा गाडी. "ताईचा गुडघा दुखते. घरात माणूस पाह्यजे. उद्या जा." तिसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, ऊन फार आहे. चौथ्या दिवशी तर त्यांनी कारणही दिलं नाही, नुसती पिशवी हातातून काढून घेतली आणि घराच्या वाटेला लागल्या.

"असे नऊ दिवस," काका म्हणाले. "रोज सकाळी. त्या ड्रायव्हरनं मले पाह्यलं की हात दाखवायले सुरुवात केली होती."

"मग दहाव्या दिवशी?" माझ्या बायकोनं विचारलं.

काकांनी एक रातांबा फोडला, बी बाजूला टाकली. "दहाव्या दिवशी गाडीच आली नाई."

"आली होती," काकू म्हणाल्या. त्यांनी वर पाहिलं नाही, हात चालूच होते. "म्या यांले उठवलंच नाई."